मोजणीच्या तक्त्यातले कोन

विद्यार्थी मित्रहो, थिओडोलाइटवर, म्हणजे जमीनमोजणीत कोन मोजण्याच्या यंत्रावर, घेतलेली निरीक्षणे आज आपण थेट स्प्रेडशीटमध्ये भरतो आणि पुढचे गणित संगणकावर सोपवतो. ते योग्यच आहे. परंतु कोन चुकीच्या एककात दिला तरी स्प्रेडशीट हरकत घेत नाही, मुकाट्याने उत्तर देते, आणि ते उत्तर पुष्कळदा दिसायला अगदी रास्त असते, हे तुम्ही पक्के ओळखून ठेवा.

एक रेषा घेऊ. लांबी ५० मीटर, बेअरिंग १२० अंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन. तिचे दुसरे टोक पूर्वेला ४३.३० आणि दक्षिणेला २५ मीटरवर यायला हवे. सूत्रात नुसते साइन १२० व कोसाइन १२० लिहिले, तर ते पूर्वेला २९.०३ आणि उत्तरेला ४०.७१ मीटरवर जाते. कारण एक्सेल असो, गूगल शीट्स असो वा लिब्रेऑफिस, ही फंक्शन्स कोन रेडियनमध्येच, म्हणजे कंसाची लांबी भागिले त्रिज्या या मापातच, आहे असे धरून चालतात. दक्षिणेचा दगड उत्तरेला गेला. आता पडताळा म्हणून दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, लांबी पुन्हा ५० च येते! साइन आणि कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज कोणत्याही कोनाला १ च असल्यामुळे या पडताळ्यात ही चूक कधीच सापडणार नाही. म्हणून अंशांतला कोन आधी रेडियन्स या फंक्शनमधून काढावा आणि मगच साइनला द्यावा.

रेडियन हे माप अनेकांना परके वाटते, म्हणून थोडे विषयांतर करतो. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात ‘ज्या’, म्हणजे साइन, हिच्या किमतींमधल्या फरकांची जी सारणी आहे, तिच्यामागे ३४३८ ही त्रिज्या आहे. परिघाच्या २१,६०० कलांना (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पायच्या (π) दुपटीने भागले की सुमारे ३४३७.७५ येतात, म्हणजे त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच मापाने, कलांनी, मोजलेले आहेत. रेडियनमध्ये तेच होते, फक्त त्रिज्या १ धरलेली असते.

आता कला-विकलांकडे, म्हणजे मिनिटे-सेकंदांकडे वळू. १२० अंश ३० मिनिटे हा कोन कित्येक जण १२०.३० असा टाइप करतात. स्प्रेडशीटला तो १२० अंश १८ मिनिटे असा समजतो, आणि या १२ मिनिटांपायी ५० मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटरची चूक होते. बांधाच्या वादात एवढे अंतर पुरेसे असते. त्याऐवजी कोन वेळेसारखा, १२०:३०:०० असा भरावा. स्प्रेडशीट त्याला तास समजून दिवसांत साठवते, म्हणून त्या सेलला २४ ने गुणले की १२०.५ अंश मिळतात.

उलट दिशेने, म्हणजे निर्देशकांवरून बेअरिंग काढताना, साधे एटॅन, म्हणजे दोन अंतरांच्या भागाकारावरून कोन देणारे फंक्शन, वापरू नये. आपल्या रेषेसाठी पूर्वेच्या अंतराला उत्तरेच्या अंतराने भागून ते वापरले तर उणे ६० अंश मिळतात, कारण भागाकारात कोणते चिन्ह कोणाचे हे हरवते. एटॅन२ दोन्ही अंतरे वेगवेगळी घेते. मात्र स्प्रेडशीटमध्ये त्यात एक्स आधी आणि वाय नंतर येतो, पायथॉनमध्ये याच्या उलट. बेअरिंग उत्तरेपासून मोजतो, म्हणून उत्तरेचे अंतर आधी, पूर्वेचे नंतर द्या. आलेले उत्तर डिग्रीज या फंक्शनने अंशांत आणा, आणि ते ऋण आले तर मॉड ३६० लावा, म्हणजे ३६० ने भागून उरणारी धन बाकी घ्या.

बंद ट्रॅव्हर्समध्ये, म्हणजे एकापुढे एक मोजलेल्या रेषांची साखळी सुरुवातीच्याच बिंदूला परत येते तिथे, एककाची चूक शेवटी उघडी पडते, कारण पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन्ही बेरजा शून्याजवळ येत नाहीत. खुल्या ट्रॅव्हर्सला ती सोय नाही. तिथे मी पहिल्या ओळीत नेहमी एक बनावट रेषा घालतो: लांबी १००, बेअरिंग ९०. पूर्वेला १०० आले की सूत्र बरोबर. उत्तरेच्या रकान्यात शून्याऐवजी दशांशचिन्हानंतर चौदा शून्ये आणि मग ६ असे काही दिसले, तर घाबरू नका. पायची किंमत संगणकात मर्यादित अंकांपर्यंतच साठवलेली असते, त्याचा तो अवशेष आहे. राउंड लावा, पुढची निरीक्षणे भरा, आणि बेरजा घेण्यापूर्वी ती बनावट रेषा काढून टाका.