तंबोरा लावून हेडफोन घ्या

नमस्कार मंडळी. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, "तीन हजारांत कोणता हेडफोन घेऊ?" एक नाव सांगून टाकावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी उलट विचारतो, "तुम्ही ऐकता काय?" लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी ज्या हेडफोनवर झकास वाजतात, त्यावर ख्याल गुदमरतो. आज समोर बसलेले बहुतेक जण ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत ऐकणारे आहेत, म्हणून मी त्याच अंगाने बोलणार आहे.

माझी कसोटी तंबोऱ्याची. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 138 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 138 कंपनांचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. पण त्या तारेतून नुसता खर्ज येत नाही. तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठाला ती हलकेच लागत राहते, जवारी, म्हणजे तारेची झिणझिण, खुलते आणि वरचे स्वर एकामागून एक झिरपू लागतात. 69 ची पाचपट केली की 345 च्या आसपास येतं, आणि तो असतो गंधार. ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. कोणीही छेडलेला नसताना तो ऐकू येतो. आता पाहा, एकाच वाद्यात हेडफोनची सगळी परीक्षा झाली. खर्जाला खोली लागते, गंधाराला मधला भाग स्वच्छ लागतो आणि जवारीची ती झिणझिण पार काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. यातलं काय हरवलं ते एका मिनिटात कळतं.

बहुतेक वेळा गंधारच हरवतो. काही वर्षांपूर्वी मी खोक्यावरचा मजकूर वाचून बऱ्यापैकी महागडा वायरलेस हेडफोन घेतला. घरी येऊन मीच मुद्रित केलेला एक यमन लावला. त्या दिवशी तंबोरे कुठे होते, माइक किती अंतरावर होता, सगळं मला पाठ होतं. हेडफोनवर डग्गा मात्र फुगून पुढे आला होता, गायकाच्या आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं झालं होतं आणि तंबोरे शेजारच्या खोलीत गेल्यासारखे वाटत होते. मला फार वाईट वाटलं, कारण एखाद्याने ते गाणं प्रथमच या हेडफोनवर ऐकलं असतं, तर त्याला ती मैफल तशीच झाली असं वाटलं असतं. जादा बेस म्हणून जे विकलं जातं, त्यात खोल खर्जापेक्षा त्याच्या वरचा भागच पुष्कळदा फुगवलेला असतो, आणि नेमका तिथेच पुरुषी आवाजाचा पाया असतो.

किमतीवर विसंबू नका. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 साली 283 हेडफोनांची मोजमापं तपासली. कोणता स्वरपट्टा किती जोराने उमटतो आणि हेडफोनची किंमत काय, यांचा त्याला काहीही संबंध सापडला नाही. महाग वस्तूत बांधणी, गादी, टिकाऊपणा बरा मिळू शकतो, ते मी नाकारत नाही. पण स्वरांचा तोल पैशाने आपोआप येत नाही. खोक्यावरचं "20 ते 20,000 हर्ट्झ" तर सोडूनच द्या. कोणता स्वर किती मोठा वाजेल, हे त्यातून कळतच नाही. पाहायचाच आकडा तर ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत विरोधाचा पाहा. फोनला थेट जोडायचा असेल, तर 16 ते 32 ओहमचा सहसा बरा चालतो. 250 ओहमचा स्टुडिओचा हेडफोन फोनवर दबका वाजतो आणि आपण उगाच त्याला नावं ठेवतो.

पैसे मोजके असतील, तर माझं मत ठाम आहे : वायरचा घ्या. तेवढ्याच पैशात वायरलेसवाल्याला बॅटरी, ब्लूटूथ, डबी असं सगळं बसवावं लागतं. दोन-तीन वर्षांत ती बॅटरी मान टाकते. शिवाय ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. नुसतं ऐकताना ते जाणवत नाही, पण स्वतःचा आवाज माइकमधून त्याच हेडफोनवर ऐकत रियाज करणाऱ्यांना ते खटकतं. फोनला गोल भोक नसेल, तर टाइप-सीचा छोटा जोड मिळतो.

दोन हजारांच्या आतबाहेर कानात बसणारे वायरचे इअरफोन आज इतके चांगले मिळतात, की माझ्या उमेदवारीच्या काळात यावर विश्वास बसला नसता. फक्त रबरी टोपी नीट बसली पाहिजे. ती सैल राहिली की खर्ज पार निघून जातो. लोक "पातळ वाजतो" म्हणून चांगला इअरफोन टाकून देतात आणि खोक्यातल्या उरलेल्या दोन मापांच्या टोप्या उघडूनही पाहत नाहीत. उजव्या आणि डाव्या कानाचं माप वेगळं असू शकतं, तेही तपासा.

जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी चकचकीत, धारदार वाजणारा हेडफोन टाळावा. त्यात खरखर आधी ऐकू येते आणि गाणं नंतर. घरात शांतता असेल, तर मागून उघडा असलेला हेडफोन घ्या, आवाज मोकळा वाटतो. एसटीत किंवा लोकलमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की तास निम्मे होतात, म्हणजे 83 ला 20.

मागच्या टेबलावर तीन हेडफोन ठेवले आहेत. किमती मुद्दाम झाकल्या आहेत. तिन्हींवर एकच तंबोरा लावला आहे, आवाजही सारखा ठेवला आहे. डोळे मिटून एकेक मिनिट ऐका आणि गंधार कुठे सापडतो ते मला येऊन सांगा.