गर्दचा अड्डा आणि टीबी

मंडळी, टीबीचा रुग्ण समोर आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, घरात कोण कोण आहे? मग बायको-मुलांची तपासणी, आईचा एक्स-रे. ते करायलाच हवं. पण जो माणूस दिवसभर पुलाखाली किंवा बंद खोलीत गर्द, म्हणजे अफूपासून बनणारी हेरॉइनची पूड, ओढतो, तो कुणासोबत बसतो, हे आपण विचारतच नाही. त्याचे जंतू घरच्यांपेक्षा जास्त वेळ त्या सोबत्यांच्या वाट्याला येतात.

तिथे काय चालतं ते बघा. सिगरेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर चिमूटभर गर्द, खालून ज्योत. पूड वितळून थेंब धावू लागतो आणि त्याच्या मागोमाग तोंडातली नळी. वाऱ्याने धूर फुकट जाऊ नये म्हणून चौघं डोकी जवळ आणतात, वरून चादर ओढून घेतात. पोलिसांची धास्ती, म्हणून दारही बंद. धूर छातीत दाबून धरायचा आणि खोकत सोडायचा.

लोक दोष देतात नळीला, नाहीतर चिलमीच्या ओल्या छापीला, म्हणजे तिला गुंडाळलेल्या फडक्याला. सर्दी-फ्लूसारखे आजार उष्ट्यातून जाऊ शकतात, हे खरं. टीबी मात्र हवेतून जातो. खोकल्यातून उडालेले जंतू बंद जागेत तासन् तास तरंगतात. नळी प्रत्येकाला वेगळी दिली आणि चादर तीच राहिली, तर टीबी थांबत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला 2004 मध्ये तरुणांच्या एका टोळक्यात असाच टीबी पसरला होता. गाडीच्या काचा वर करून ते एकत्र गांजा ओढायचे.

गर्दच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अफूच्या जातीचे पदार्थ खोकला दाबतात. कोडीन खोकल्याच्या औषधात घालतात ते त्याचसाठी. त्यामुळे दोन आठवड्यांचा खोकला हे आपलं नेहमीचं लक्षण इथे दगा देऊ शकतं. वजन उतरलं तर नशेमुळे, घाम आला तर टर्कीमुळे, म्हणजे नशा न मिळाल्याच्या त्रासामुळे, असं तो म्हणतो आणि आपणही मान डोलावतो.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती पुढच्या टप्प्याची. नशा सुटावी म्हणून तो ब्युप्रेनॉर्फिन घेत असतो. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू होतं, आणि ते शरीरातलं ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपवू शकतं. मग अंग मोडून येतं, झोप उडते, टर्की लागते. तो टीबीच्या गोळ्या बंद करतो, परत अड्ड्यावर जातो. आपण कागदावर लिहितो, रुग्ण सहकार्य करत नाही! अहो, डॉक्टरांनी वेळेवर ब्युप्रेनॉर्फिनचा डोस तपासून वाढवला असता तर तो टिकला असता.

म्हणून माझी मागणी आहे की दोन्ही औषधं एकाच खिडकीवर मिळावीत, आणि थुंकीच्या डब्या घेऊन आपल्या माणसांनी अड्ड्यावर जावं, पोलिसांना बरोबर न घेता.