भट्टीच्या वाटेने

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आजोळ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. मार्च लागला की मामाच्या बागायतीत पहाटे एक आवाज यायचा, वाळलेल्या पाल्यावर बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, पडल्याचा. नारळासारखा दणदणीत नव्हे. ओला, पसरट, आणि एकामागोमाग एक. फेणी या गोव्याच्या दारूसाठी काजूचा बोंडू झाडावरून काढत नाहीत, तो पुरता पिकून आपणहून गळावा लागतो. मामी आणि शेजारच्या बायका तो वेचायच्या, आम्ही मुलं पिळून बी वेगळी करायचो. हाताचा वास आंघोळ केली तरी जायचा नाही.

हे आज सांगायचं कारण असं की, गोव्यातल्या एका जुन्या घराण्याच्या फेणीसाठी मी सध्या पर्यटकांचं अनुभव केंद्र आखते आहे. प्रदर्शनं आणि संग्रहालयं मांडणं हाच माझा व्यवसाय. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. तेव्हापासून ‘आपल्याकडेही परदेशासारखं काहीतरी भव्य हवं’ असं बऱ्याच जणांना वाटू लागलं आहे.

परदेशातलं उदाहरण म्हणून डब्लिनच्या गिनेस स्टोअरहाउसचं नाव हमखास निघतं. १९०४ मध्ये बिअर आंबवण्यासाठी बांधलेली ती इमारत २००० साली लोकांसाठी खुली झाली. सात मजले, आणि मधोमध बिअरच्या पेल्याच्या आकाराची प्रचंड पोकळी. लोक त्या पोकळीबद्दल बोलतात. मला मात्र तिथल्या जमिनीत काचेखाली बसवलेला भाडेपट्टा महत्त्वाचा वाटतो. गिनेस बिअरचा संस्थापक आर्थर गिनेस याने १७५९ मध्ये इथल्या कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंडांनी तब्बल ९००० वर्षांसाठी घेतली, त्याचा तो कागद. सगळा डोलारा एका खऱ्या कागदावर आणि खऱ्या जागेवर उभा आहे. आपण नक्कल करायला जातो ती पेल्याची.

हे मी स्वतः चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामात मी फायबरची भट्टी उभारली होती. आत लाल दिवा, कोपऱ्यातून रटरटण्याचा ध्वनिमुद्रित आवाज. उद्घाटनाच्या दिवशी सहा-सात वर्षांच्या एका मुलाने पुढे होऊन तिला हात लावला आणि वडिलांना म्हणाला, “बाबा, ही थंड आहे.” त्यानंतर त्या दालनात मला उभं राहवेना.

म्हणून या वेळी मी घराण्याकडे पहिली अट घातली ती जागेची. केंद्र किनाऱ्यावर नको, काजूच्या बागेत हवं, आणि भट्टी पेटती हवी. त्यांनी ती मान्य केली. पण लगेच खरी अडचण समोर आली. पर्यटक येतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाताळात तर पाय ठेवायला जागा नसते. बोंडू गळतात साधारण मार्च ते मे. म्हणजे गर्दी असते तेव्हा भट्टी बंद, आणि भट्टी पेटते तेव्हा पाहुणे परतीच्या वाटेवर. बोंडवाचा रस साठवून डिसेंबरमध्ये गाळून दाखवता येईल, असं एकाने सुचवलं. निरो, म्हणजे बोंडवाचा ताजा रस, काही तासांतच आंबू लागतो, हे ज्याला ठाऊक आहे तो असं सुचवणार नाही.

आम्ही मग वर्षच तिकिटावर घ्यायचं ठरवलं. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्याला काजूचा मोहोर दिसेल, बोंडू सापडावेत म्हणून झाडाखालचं रान साफ करणारी माणसं दिसतील, तांब्याचं भाण, म्हणजे फेणी गाळायचं भांडं, घासताना दिसेल. त्याच्या तिकिटावर स्पष्ट छापायचं: आज भट्टी पेटलेली नाही. पावसाळ्यात येणाऱ्याला कोठार, वेताने मढवलेल्या मोठ्या काचेच्या गराफांवात मुरत असलेली फेणी आणि कौलांवरचा पाऊस. आणि एप्रिलमध्ये जो उन्हात घामाघूम होऊन येईल, त्याला सगळंच मिळेल.

एप्रिलमधली वाट कामाच्या क्रमानेच जाते. कातळात कोरलेल्या उथळ हौदात बोंडू पायांनी तुडवायचे, पाहुण्याला हवं तर त्यानेही पाय धुऊन उतरावं. चोथ्याचा ढीग वेलीने गच्च बांधून वर दगड ठेवायचा. त्यातून थेंबथेंब गळतो तो निरो, तो मुलांनाही प्यायला द्यायचा. दारू न पिणाऱ्याचाही दिवस भरगच्च जायला हवा, यावर मी अडून बसले आहे. तुडवून निघालेला रस तीनेक दिवस आपोआप आंबतो, बाहेरून काही घालत नाहीत. तो भट्टीवर गाळला की पहिल्या धारेचा हुर्राक, आणि हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी.

मामाकडचे भट्टीकर धार करवंटीत घेऊन उंचावरून ओतायचे आणि फेसाकडे टक लावून बघायचे. बुडबुडे बारीक आणि टिकाऊ असले तर मान हलवायचे, नाहीतर गप्प. फेणीचं नावच त्या फेसावरून आलं, असं मानतात. आज बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क असा आकडा असतो, तो यंत्र सांगतं. पण पाहुण्याला ती करवंटी दाखवायला भट्टीकरच हवा. घोकून आलेला गाइड मी नाकारला आहे. भट्टीकराला गाळण्याच्या मजुरीखेरीज पाहुण्यांशी बोलण्याचे वेगळे पैसे मिळतील, असं करारात लिहून घेतलंय. हे कलम मिळवायला मला नकाशांपेक्षा जास्त दिवस लागले.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, हेही वाटेवर सांगणार आहोत. झाड परक्याने आणलं, पण बोंडवाच्या रसापासून फेणी केली ती इथल्या हातांनी.

सुरुवातीचं दालन मात्र अगदी साधं आहे. अंधारी खोली, बसायला बाकं, पडदा नाही, चित्र नाही. गेल्या मोसमात पहाटे चार वाजता बागेत बसून मी बोंडू गळण्याचे आवाज टिपले, तेवढेच तिथे वाजतील. मामी बरोबर होती. दोन बोंडू पडण्यामध्ये किती वेळ जातो, हे तिला न मोजता कळतं. ती प्रत्येक वेळी थोडी आधीच बोट वर करत होती.

नमस्कार.