काचेला उलट बाजू असते का?

नमस्कार श्रोतेहो. धारवाडकडची कसुती, म्हणजे धागे मोजून केलेलं भरतकाम, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात असेल, आजीच्या इरकलीच्या पदरावर. रथ, गोपुर, हत्ती, तुळशीवृंदावन. टाके चारच: गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. नक्षी कापडावर आखायची नाही, ताणेबाणे मोजत सुई घालायची. आणि गाठ मारायची नाही. पुन्हा सांगते, गाठ मारायची नाही.

मी कापडाचं डिझाइन करते. कसुती नव्या कापडावर आणायची म्हणून मी ऑर्गन्झाची ओढणी केली. इतक्या तलम कापडाचे धागे मोजवेनात, तेव्हा वर कॅनव्हासची जाळी टाचली, तिच्यावर मोजून भरलं आणि नंतर जाळीचा एकेक धागा ओढून काढला. रथ मेंथीने, म्हणजे फुलीच्या टाक्याने, गच्च भरला होता. मोठ्या हौसेने ओढणी अव्वांकडे नेली, ज्यांच्याकडे मी कसुती शिकले. अव्वांनी नक्षी पाहिलीच नाही. ओढणी खिडकीच्या उजेडात धरली. मेंथीची मागची बाजू पुढच्यासारखी नसते; तिचे आडवेतिडवे धागे, घाईत मारलेल्या माझ्या दोन गाठी, सगळं आरपार दिसलं. अव्वा म्हणाल्या, "हे कापड काचेसारखं. काचेला उलट बाजू असते का, मुली? उसव."

आठ दिवस उसवत होते. पण त्या उसवण्यात नवं डिझाइन सापडलं. गवंतीत जाताना एकाआड एक टाका घ्यायचा, येताना गाळलेल्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या. मुरगीही तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांची. दोन्ही बाजू सारख्या! मग भरीव रथ सोडला. ओढणीभर एकच मोठं चाक काढलं, नुसत्या रेघांचं.

हल्ली यंत्रावर छापलेल्या नक्षीलाही कसुती म्हणून विकतात. ते नाव तिला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तर, नवी ओढणी घेऊन पुन्हा गेले. अव्वांनी ती उजेडात धरली, उलटली, परत उलटली. "सुरुवात कुठून केलीस?" मी सांगितलं नाही. बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग आत गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या.