पिल्लू जिथं सापडलं, तिथंच

श्रोतेहो, नमस्कार. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली, की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांचे फोन वाजायला लागतात. "डॉक्टर, फडात वाघाची पिल्लं सापडलीत!" आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. कधी जाऊन बघावं तर रानमांजराची निघतात. पण पिल्लं कुणाचीही असोत, जिथं सापडली तिथंच राहू द्या.

एका जानेवारीतली गोष्ट सांगतो. मी पोचलो तेव्हा टोळीचे कोयते थांबले होते. पाचटात दोन बछडे, नुकतेच डोळे उघडलेले. तिसरा कुठं? गावातला एक पोरगा फोटो काढायला पिशवीत घालून घरी घेऊन गेला होता. वनरक्षकानं तो परत आणला, तेव्हा त्याच्या मिशांना गाईचं दूध वाळून चिकटलं होतं. तिघांच्या कानामागचे गोचीड काढले, पोटं चाचपली. धडधाकट होते.

शेतकरी घायकुतीला आलेला. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, हे तुम्हाला काय सांगायचं! तरी त्यानं बछड्यांजवळच्या दहा सऱ्या उभ्या ठेवल्या. पाचटही पेटवलं नाही. पाचट जाळणं मला मुळात पटतच नाही. सरीत कुजवा, ओल टिकते, जमीन सुधारते. किती वर्षं सांगतोय मी हे! असो.

दिवस मावळताना तिघांना क्रेटमध्ये घालून क्रेट नेमका त्याच जागी ठेवला. समोर कॅमेरा लावला. आम्ही लांब बांधापलीकडं जीपमध्ये, काचा बंद करून. पावणेदहाला वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली आणि एकदम गप्प झाली. ती आली होती. एकाला मानेला धरून उचललं, उसात गेली. वीस मिनिटांनी दुसरा. मग काहीच नाही. अकरा वाजले, बारा वाजले. तिसरा एकटा केकाटत होता. वनरक्षक हळूच म्हणाला, "याला माणसाचा वास लागलाय. नाही नेणार." माझ्याही पोटात गोळा आला.

साडेतीनला ती पुन्हा आली. क्रेटमध्ये डोकं घालून त्याचं तोंड चाटत राहिली. ते दूध वाळलं होतं ना, तिथंच. कितीतरी वेळ. मग उचललं आणि गेली.

म्हणून पुन्हा सांगतो, माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. एका रात्रीत आली नाही, तर दुसऱ्या रात्री परत ठेवून बघतात. बछडा दीड-दोन वर्षं आईमागं फिरून शिकार शिकतो. आई तुटली तर ते शिकवणार कोण? मग माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी पिंजऱ्यात जन्म काढायची वेळ येते. तिथली माणसं जीव लावतात, पण तो पिंजराच. शिवाय पिल्लं हरवलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालते, ते आणखी जोखमीचं.

तेव्हा पिल्लू दिसलं की तोड थांबवा, मागं सरका आणि वनखात्याला 1926 वर फोन करा. दूध पाजू नका, घरी नेऊ नका.

सकाळी टोळी परत आली. त्यातल्या एका बाईनं झोळीतलं लेकरू सावलीला ठेवलं आणि आधी मला विचारलं, "तिसरं नेलं का हो तिनं?" नेलं म्हटल्यावर तिनं पदर खोचला आणि कोयता उचलला.

नंबर परत सांगतो, 1926. नमस्कार.