मागची दोन चाकं आणि ३०० फूट माती

(दृश्य: चिकणमातीचा, रोलर फिरवून दाबलेला सरळ ट्रॅक, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा, टोकाला उभी असलेली स्लेड)

अमेरिकेतलं ट्रक पुलिंग म्हणजे काय, तर गाडीच्या मागे साखळीने एक लोखंडी स्लेड, म्हणजे घसरत जाणारी जड गाडी, बांधायची आणि या मातीवरून जितकी लांब ओढता येईल तितकी ओढायची. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर ओढली की त्याला फुल पुल म्हणतात, काही ठिकाणी ट्रॅक ३२० फुटांचा असतो. त्याच्या आत कुठे गाडी अडकली तर लेझरने अंतर मोजतात, ते पण फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत. किती वेळ लागला याचा काही संबंध नाही, लांब गेला तो जिंकला. आज बघू, फक्त मागची चाकं ओढणारी साधी डिझेल पिकअप घेऊन नवीन माणसाने यात कसं उतरायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण खरी गंमत त्या स्लेडमध्ये आहे. तिच्यावर वजनाची एक मोठी पेटी असते, सुरुवातीला ती मागच्या चाकांवर असते म्हणून स्लेड हलकी वाटते, गाडी झटक्यात निघते, आणि स्लेडची चाकं फिरायला लागली की त्याच चाकांवरून चेनने ती पेटी हळूहळू पुढे सरकते. पुढे चाकं नाहीतच, सरळ लोखंडी तवा मातीवर टेकलेला आहे, म्हणजे जितके पुढे जाल तितकं वजन त्या तव्यावर येतं आणि तो जमिनीत रुततो. पहिल्या ५० फुटांत जी गाडी मस्त पळतेय ती २०० फुटांवर गुडघे टेकते ते यामुळे.

ही स्लेड यायच्या आधी ट्रॅकच्या कडेला माणसं उभी करायचे आणि स्लेड जवळून गेली की एकेक जण तिच्यावर चढत जायचा, म्हणजे वजन वाढवायची आयडिया तीच, फक्त माणसांची. ट्रॅक्टरच्या पहिल्या अशा स्पर्धा १९२९ मध्ये झाल्या, त्याआधी घोड्यांच्या होत्याच. पुढे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे म्हणून भांडणं व्हायला लागली, तेव्हा १९६९ मध्ये आठ राज्यांतले लोक एकत्र आले आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन सुरू झाली. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीनला दर ऑगस्टमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरते, १९६७ पासून. तिथले सुपरचार्जरवाले, अल्कोहोलवर चालणारे टू-व्हील-ड्राइव्ह ट्रक बघितले की नवीन माणसाचे डोळे फिरतात. पण तिथून कोणी सुरुवात करत नाही. सुरुवात होते काउंटी फेअरला, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या जत्रेत, जिथे शेतकऱ्याची रोजच्या वापराची पिकअप सकाळी खाद्याची पोती घेऊन येते आणि संध्याकाळी तीच ट्रॅकवर उभी राहते.

आता गाडी. डोळ्यासमोर धरा १९९६ ची डॉज राम २५००, एकच कॅबिन, लांब हौदा, फोर-बाय-फोर नाही, फक्त मागची चाकं ओढणारी. फोर-बाय-फोरला सगळे मागे लागतात म्हणून ही त्या मानाने स्वस्तात मिळते. इंजिन कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह. डॉजने कमिन्स पहिल्यांदा १९८९ च्या मॉडेलमध्ये बसवलं, तेव्हा १६० हॉर्सपॉवर होती, १९९६ ला मॅन्युअल गिअरवाल्या गाडीला २१५ झाली.

आणि इथे जरा थांबतो कारण हे इंजिन आपल्याला परकं नाही. कमिन्सचं मुख्य ऑफिस इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात, आणि पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली उभी राहिली, पुण्यातले कितीतरी इंजिनीअर आजही त्या कोलंबसला ये-जा करतात. हेच ५.९ चं बी सिरीज इंजिन टाटा कमिन्सने आपल्याकडच्या ट्रकमध्ये दिलं. घाट चढताना ज्या टाटाचा आवाज आपण लहानपणापासून ऐकलाय त्या आवाजाचा सख्खा भाऊ तिकडे जत्रेत स्लेड ओढतो, मला तरी हे फार भारी वाटतं.

बरं, आता मुद्द्याचं. नवीन माणूस ट्रॅकवर जातो, बघतो की फोर-बाय-फोर डिझेलवाल्यांनी बंपरच्या पुढे ब्रॅकेट काढून ट्रॅक्टरची लोखंडी वजनं टांगलीत, आणि घरी येऊन आपल्या टू-व्हील-ड्राइव्हलाही तेच करतो. इथेच चुकतं. फोर-बाय-फोरची पुढची चाकं पण ओढतात म्हणून त्यांना पुढे वजन लागतं. तुमची पुढची चाकं फक्त गाडी वळवायला आहेत. त्यात हे कमिन्स एकटंच ५०० किलोच्या आसपास, ते बसलंय नाकावर, आणि जी चाकं जमीन ढकलणार ती रिकाम्या हौद्याखाली. म्हणजे स्टॉक, कंपनीतून आली तशी असलेल्या गाडीचं वजन नको तिथे आहे आणि हवं तिथे नाही.

हिशोब करून बघू. समजा गाडी १८०० किलोच्या जोराने ओढतेय, साखळी जिथे अडकवली तो हूक जमिनीपासून ६६ सेंटिमीटर म्हणजे २६ इंचावर, आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर ३४२ सेंटिमीटर. १८०० गुणिले ६६ भागिले ३४२, साधारण ३५० किलो. एवढं वजन ओढताना पुढच्या चाकांवरून उठतं आणि मागच्या चाकांवर येतं, फुकटात. हूक २० इंचावर असेल तर हेच २७० किलोच्या आत राहतं. म्हणून नियमात हुकाची जास्तीत जास्त उंची ठरवून दिलेली असते आणि प्रत्येक जण त्या उंचीच्या एक केसभर खाली हूक ठेवायचा प्रयत्न करतो. पण पुढे टन-दीड टन असेल आणि त्यातलं फक्त ३५० किलो उठत असेल तर उरलेलं सगळं तुम्ही नुसतं वाहून नेताय.

त्यामुळे अशा साध्या गाडीत क्लासची, म्हणजे स्पर्धेतल्या तुमच्या गटाची, वजनाची मर्यादा भरायची असेल तर वजन मागे, हौद्यात, नियमात बसेल तसं आणि बोल्टने पक्कं आवळून, दोरीने बांधून नाही. काट्यावर गाडी ड्रायव्हरसकट आणि डिझेलसकट तोलतात हे लक्षात ठेवून मर्यादेच्या जवळ जायचं. पुढे जाऊन ताकद वाढली, टायर नीट धरायला लागले की मग उलटं होतं, बैलगाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते ना तशी गाडी नाक वर करते, तेव्हा पुढे वजन लागतं आणि मागे व्हीली बार, म्हणजे गाडी उलटू नये म्हणून लावलेले टेकू, लागतात. ती पायरी नंतरची आहे.

(दृश्य: गाडीखालून, मागचा एक्सल, पाटे, क्रॉस)

गाडीखाली जाऊया. मागे डाना ८० एक्सल, मजबूत आहे, त्याची काळजी कमी. काळजी आहे पाट्यांची. पूर्ण रेस दिली की पाटे पिळतात, एक्सल वर-खाली उड्या मारायला लागतो, टायर धरतो-सोडतो-धरतो, आणि त्या धक्क्यात प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, जातात. ज्या क्लासमध्ये चालतं तिथे पाटे आणि चेसीच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालून मागचं सस्पेन्शन घट्ट करतात आणि एक्सल पिळू नये म्हणून ट्रॅक्शन बार लावतात. डिफरन्शियल पण बघा, साधं ओपन असेल तर एक चाक जागेवर फिरणार आणि दुसरं बघत बसणार, तेव्हा दोन्ही चाकांना जोर देणारं लिमिटेड स्लिप किंवा लॉकर पाहिजेच. माझं स्पष्ट मत, टर्बोवर पैसे घालायच्या आधी हे करा. जमीन धरलीच नाही तर ३०० हॉर्सपॉवर काय आणि ६०० काय, खड्डाच पडणार.

गिअर कोणता हा प्रश्न टू-व्हील-ड्राइव्हला जास्त छळतो, कारण फोर-बाय-फोरसारखी लो रेंज, म्हणजे सगळे गिअर आणखी हळू आणि जोरदार करणारी सोय नाही, ती देणारी ट्रान्सफर केसच नाही. ५-स्पीड एनव्ही४५०० गिअरबॉक्स आणि मागे ३.५४ चा रेशो धरला, टायर ३१ इंची, तर ३००० आरपीएमला पहिल्यात साधारण २२ किलोमीटर ताशी, दुसऱ्यात ४१, तिसऱ्यात ७५ च्या आसपास. पहिल्यात चाकाला वेगच येत नाही आणि स्लेड जड व्हायच्या आधी जो जोश पकडायचा तो पकडता येत नाही, तिसऱ्यात इंजिन बसतं, म्हणून बहुतेक वेळा दुसरा. पण दुसऱ्यात उचलायचं म्हणजे क्लचवर भार, आणि कंपनीचा सिंगल प्लेट क्लच हीच पहिली जाणारी गोष्ट आहे, वास आला की समजा गेला. ताकद वाढवणार असाल तर डबल डिस्क क्लच आधी. याच गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट मागे सरकायची जुनी खोड आहे, उघडला असेल तर तेही बघून घ्या.

इंजिनबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं, मी थोडक्यात सांगतो. १९९४ ते ९८ च्या या १२ व्हॉल्व्हवर बॉशचा पी७१०० पंप आहे, सगळं मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही, म्हणून पुलिंगवाल्यांचा याच्यावर जीव. पंपाची फ्युएल प्लेट, एएफसी (टर्बोच्या हवेप्रमाणे डिझेल ठरवणारं) सेटिंग, गव्हर्नर (आरपीएमला मर्यादा घालणारा) स्प्रिंग बदलून डिझेल पण वाढतं आणि इंजिन जास्त आरपीएमला फिरतं, पण फिरवायचं तर व्हॉल्व्ह स्प्रिंग पण कडक लागतात नाहीतर व्हॉल्व्ह तरंगतात, म्हणजे वेळेवर बंद होत नाहीत. टायमिंग केसमध्ये एक छोटी डॉवेल पिन असते, ती सैल होऊन गिअरमध्ये पडली तर इंजिन संपलं, तिच्यावर एक पट्टी बसवायची, काम छोटं आहे, आधी करून टाका. आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर लावल्याशिवाय डिझेल वाढवू नका. ७०० डिग्री सेल्सिअसच्या वर काटा जाऊन तिथेच राहिला तर अॅल्युमिनियमचे पिस्टन किती टिकणार. नवीन गाड्यांत, म्हणजे २००७ नंतरच्या, धुराचे फिल्टर आणि सेन्सर आहेत, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे ते काढायला अमेरिकेत कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नवशिक्याला जुनी गाडीच बरी.

आता सेफ्टी, आणि इथे मी हात जोडून सांगतो. पेट्रोल इंजिन स्पार्क बंद केला की थांबतं. डिझेलला स्पार्क नाही. टर्बोचं सील फुटून ऑइल हवेबरोबर आत जायला लागलं तर चावी फिरवून, डिझेल तोडून सुद्धा इंजिन थांबत नाही, स्वतःचंच ऑइल जाळत वर-वर चढत जातं. ते थांबवायचा खात्रीचा मार्ग, हवा बंद करायची. म्हणून इनटेकमध्ये झडप बसवतात, तिची केबल मागे स्लेडला जोडलेली असते, साखळी तुटून गाडी सुटली की केबल ओढली जाते आणि झडप पडते. तुमच्या स्टॉक क्लासमध्ये सक्तीची नसली तरी बसवा. हेल्मेट, सीटबेल्ट, हाताला येईल असा आग विझवायचा सिलिंडर, आणि प्रोपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडी, कारण तुटलेला शाफ्ट फिरत फिरत कॅबिनचा पत्रा फाडून आत येऊ शकतो.

नियमांचा कागद आधी मागवा. दोन गावांचे नियम सारखे नसतात, आणि टू-व्हील-ड्राइव्ह डिझेलला बऱ्याच ठिकाणी वेगळा क्लासच नसतो, पेट्रोल गाड्यांबरोबर किंवा सरळ ओपनमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या गटात, टाकतात. टायर रस्त्यावरचेच लागतात का, हूक कुठे, ठोकळे चालतात का, वजन किती, हे विचारल्याशिवाय एक रुपया, म्हणजे तिकडे डॉलर, खर्च करू नका.

(दृश्य: गाडी मागे घेतली जातेय, एक माणूस साखळी अडकवतोय, हातात हिरवा झेंडा)

साखळी अडकवली की इंचाइंचाने पुढे जाऊन तिची ढील काढायची, धक्का मारून निघणं चालत नाही. हिरवा झेंडा पडला की क्लच सोडत रेस वाढवायची, टर्बो भरू द्यायचा, मग पाय जमिनीला. पुढचं नाक हलकं झालं की स्टिअरिंग ऐकत नाही, मोठ्या टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये म्हणूनच डाव्या-उजव्या चाकाला वेगळे ब्रेक असतात, तुमच्याकडे ते नाहीत, तेव्हा गाडी सुरुवातीलाच ट्रॅकच्या मध्यावर सरळ लावा, रेघ ओलांडली की बाद. लाल झेंडा दिसला की लगेच पाय काढायचा. आणि पुढे सरकणं थांबलं तरी रेस दाबून गाडी नाचवत बसू नका, अंतर वाढत नाही आणि क्रॉस नाहीतर एक्सल तिथेच तुटतो. ओढायची पाळी सगळ्यात पहिली तुमचीच आली तर घाबरू नका, पहिल्या गाडीला बहुतेक ठिकाणी अंतर मान्य करायचं की नंतर परत ओढायचं हा पर्याय देतात.

बाहेर आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं तसंच चालू राहू द्या, टर्बो थंड होऊ दे. मग वही काढा. वजन किती होतं, मागे किती पुढे किती, टायरमध्ये हवा किती, कोणता गिअर, माती ओली की कोरडी, अंतर किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी मेली कशी. टायर धरून होते आणि इंजिन बसत गेलं, काळा धूर, आरपीएम खाली, तर कमी पडली ताकद किंवा गिअर मोठा झाला. इंजिन गात होतं आणि चाकं जागेवर फिरून खड्डा पडला तर ताकद भरपूर आहे, वजन आणि हूक बघा, हवा बघा. उड्या मारत थांबली तर पाट्यांखाली जा. पुढच्या फेअरला यातली एकच गोष्ट बदलून जायचं, दोन बदलल्या तर फरक कशाने पडला तेच कळणार नाही.