सांध्यातला चुरा आणि आपल्या पेशी

एक्स-रेपासूनच सुरुवात करतो. खुबा बदलून बारा-पंधरा वर्षं झालेला पेशंट, चालतोय, जिने चढतोय, दुखत काहीच नाही, आणि फोटोत मात्र इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, कडेनं हाडात काळे पोकळ डाग. तिथलं हाड गेलेलंय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं इन्फेक्शन असेल नाहीतर गाठ असेल, पण तपासलं तर यातलं काहीच नसतं. मग हाड खाल्लं कुणी? प्लॅस्टिक काही हाड खात नाही, धातूही खात नाही. हाड खाल्लं ते त्या माणसाच्याच पेशींनी, आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

ही गोष्ट जॉन चार्न्ली यांच्यापासून सुरू होते. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलचे हे सर्जन, १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी, म्हणजे ज्यात सांध्याचा गोळा फिरतो त्या भागासाठी, टेफ्लॉन वापरलं, कारण इतकं गुळगुळीत दुसरं काही नव्हतंच. सुमारे तीनशे पेशंटमध्ये बसवलं आणि मग दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजायला लागल्या, आत पांढरट चुरा साठला आणि त्याच्याभोवती सुजलेल्या ऊतींचे गोळे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या कामामुळं. त्यांनी टेफ्लॉनचा बारीक चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, सोबत दुसऱ्या प्लॅस्टिकचाही. टेफ्लॉनच्या जागी हाताला लागेल अशी गाठ झाली, दुसऱ्याच्या जागी नाही. ते दुसरं म्हणजे पॉलिथिलीन, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या वाट्या बसायला लागल्या.

पॉलिथिलीन कितीतरी चांगलं निघालं, पण झिजायचं तेही. जुन्या प्रकारच्या पॉलिथिलीनची झीज साधारण वर्षाला ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढी, ऐकायला काहीच नाही वाटत. पण हिशोब करून बघा, २८ मिलिमीटरचा गोळा वाटीत तेवढा रुतला तर वर्षाला ६० घनमिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक सुटतं, आणि त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान. माणूस वर्षाला एका पायावर दहा लाखांच्या घरात पावलं टाकतो. भागाकार केला की पावलागणिक लाखो कण येतात, प्रत्येक पावलाला!

आता हे कण बघून पेशी काय करते? सांध्याच्या आवरणात मॅक्रोफेज असतात, बाहेरचं काही आलं की गिळायचं आणि पचवायचं हे त्यांचं काम. बॅक्टेरिया आला तर फडशा पडतो, पण पॉलिथिलीन पचवणारं एन्झाइम आपल्याकडं नाहीच, त्यामुळं कण पोटात तसाच राहतो. आणि साइज फार महत्त्वाचा आहे इथं. खूप मोठा तुकडा असेल तर तो एकट्या पेशीला गिळता येत नाही, मग अनेक पेशी एकत्र जुळून मोठी राक्षसी पेशी होते आणि त्याला वेढून बसते. सगळ्यात जास्त त्रास देतात ते साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे, कारण ते बॅक्टेरियाच्याच मापाचे आहेत, पेशी ते आवडीनं गिळते आणि मग अडकते. गिळलेल्या कणाची पिशवी आतल्या आत फाटली तर धोक्याची घंटा अजून जोरात वाजते. पेशी टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे निरोप बाहेर सोडत राहते, मदत पाठवा, मदत पाठवा. त्या निरोपांमुळं आजूबाजूच्या पेशी आरएएनकेएल नावाचं प्रोटीन जास्त बनवतात आणि त्यातून हाड विरघळवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार होतात. दुसरीकडं हाड बांधणारे ऑस्टिओब्लास्ट याच वातावरणात मंदावतात. म्हणजे तोडणारे वाढले, बांधणारे थकले. यात कुठलीच पेशी चुकीचं काम करत नाहीये, हे मला इतकी वर्षं काम करूनही अस्वस्थ करतं.

हे समजायला वेळ का लागला तर दोष चुकीच्या ठिकाणी टाकला होता. हाडातल्या पोकळ्यांना १९८० च्या दशकात 'सिमेंटचा आजार' म्हणायचे, म्हणजे इम्प्लांट हाडाला पक्कं धरायला जे सिमेंट वापरतात त्याचा, म्हणून सिमेंट न वापरता इम्प्लांट बसवायला लागले, आणि पोकळ्या तिथंही आल्या.

लॅबमध्येही फसगत व्हायची. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं पेशी डिशच्या तळाला चिकटलेल्या आणि कण वर तरंगतायत, दोघांची गाठच पडत नाही आणि आपण लिहून मोकळे की पेशींना काही होत नाही. मग कुणी डिश उलटी करून पेशी वर आणल्या, कुणी कण जेलमध्ये धरून ठेवले. दुसरा घोळ याच्या उलटा, कणांवर मेलेल्या बॅक्टेरियाचे अवशेष चिकटलेले असतात, एंडोटॉक्सिन, आणि पेशी खवळते ती त्यामुळं, नाव मात्र प्लॅस्टिकचं. म्हणून असा कुठलाही रिझल्ट समोर आला की मी आधी विचारतो, कण स्वच्छ होते का आणि ते पेशींपर्यंत पोचले होते का.

धातूचं वेगळंय. कोबाल्ट-क्रोमचा गोळा आणि कोबाल्ट-क्रोमचीच वाटी असली की झीज आकारमानानं कमी, पण कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे, संख्येनं कितीतरी जास्त. पेशीच्या आत जिथं पचन होतं तिथं आम्ल असतं, त्यात हे कण गंजतात, कोबाल्टचे आयन सुटतात आणि पेशी मरते, तिच्यातले कण दुसरी गिळते. काहींच्या शरीरात लिम्फोसाइट या संरक्षक पांढऱ्या पेशीही जमतात आणि सांध्याभोवती गाठीसारखा फुगवटा येतो. असं एक मोठं मॉडेल २०१० मध्ये जगभरातून परत मागवावं लागलं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी रेडिएशन देऊन रेणूंच्या साखळ्या एकमेकींत बांधलेलं पॉलिथिलीन आलं आणि झीज प्रचंड कमी झाली, त्याबरोबर या पोकळ्याही. पण जुन्या वाट्या अजून खूप लोकांच्या शरीरात आहेत, आणि पोकळी दुखत नाही, दुखतं तेव्हा इम्प्लांट सैल झालेलं असतं नाहीतर हाड मोडलेलं असतं. म्हणून काहीच त्रास नसतानाही ठरलेल्या वेळी एक्स-रे काढायचा, हे मी हात जोडून सांगतो.

मघाशी एकांनी विचारलं, यावर गोळी नाही का? हाड वाचवणारी बिस्फॉस्फोनेट वापरून पाहिली, आरएएनकेएल अडवणारं डेनोसुमॅबही तपासलं, पण नेहमीच्या उपचारात बसेल असं औषध अजून नाही. वेळेत सापडलं आणि धातूची बाहेरची वाटी घट्ट असली, तर फक्त आतलं प्लॅस्टिकचं अस्तर बदलतात, पोकळीत हाडाचा चुरा भरतात. प्लॅस्टिकचा नवा चुरा यायचा थांबला की बऱ्याच जणांच्या त्या पोकळ्या तिथंच थांबतात, काहींच्या हळूहळू भरूनही येतात, त्याच पेशींच्या हातून.